चार पायऱ्या आणि एक उतार
चर्चच्या इमारतीचं नूतनीकरण कसं होतं : एक छोटा अभ्यास



दरवर्षी या पुस्तिकेत निधी कशासाठी गोळा करतोय ते आपण चार ओळींत सांगतो आणि लगेच पाककृती, शब्दकोडी आणि जाहिरातींकडे वळतो. यंदा संपादकांकडून जरा जास्त पानं मागून घेतली आहेत. कारण यंदाचा निधी आपण ज्या हॉलमध्ये जमतो त्या हॉलच्या, म्हणजे पर्यायाने एका चर्चच्या, नूतनीकरणासाठी आहे. खिशात हात घालण्याआधी काम नेमकं काय आहे ते सगळ्यांना कळावं, असं आम्हा अभ्यासगटाला वाटलं. आम्ही पाचजण आहोत: एक आर्किटेक्ट, एक सिव्हिल इंजिनियर, एक नर्स, मराठी शाळेच्या एक शिक्षिका आणि नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती कुटुंबात वाढलेल्या आमच्या एक ताई. गेले काही महिने आम्ही वाचलं, मोजलं, चर्चा केल्या, थोडे भांडलोसुद्धा. त्यातून जे शिकलो ते इथे मांडतो आहोत.

सुरुवात कुठे झाली?

गेल्या दिवाळीच्या फराळाच्या कार्यक्रमाला आपले एक आजोबा व्हीलचेअरवर आले होते. आपल्या हॉलला आणि चर्चला मिळून एकच दरवाजा आहे, आणि त्या दरवाजाला चार पायऱ्या आहेत. आम्ही चौघांनी खुर्चीसकट आजोबांना उचललं, वर नेलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आजोबाही हसले. पण निघताना मुलीला म्हणाले, "पुढच्या वर्षी मला घरीच ठेव गं. पालखी नको."

ते वाक्य आमच्या मनातून गेलं नाही. मग लक्षात आलं की हा प्रश्न एकट्या आपला नाही. त्या चर्चमध्ये रविवारी उपासनेला जेमतेम तीसजण येतात, त्यातले बरेच सत्तरीच्या पुढचे. वॉकर बाहेर ठेवून, कठडा धरून, एकेक पायरी चढतात. त्यांनी इमारतीचं नूतनीकरण करायचं ठरवलं आणि हॉल वापरणाऱ्या सगळ्या संस्थांना सूचना विचारल्या. आपल्या कार्यकारिणीने सूचनेबरोबर मदतही द्यायची ठरवली: दरवाजाचा उतार आणि अपंगांसाठीचं स्वच्छतागृह, या दोन कामांतला वाटा आपण उचलायचा.

"चर्चला आपण का द्यायचं?"

हा प्रश्न सर्वसाधारण सभेत विचारला गेला, आणि तो रास्त आहे. आपले बहुसंख्य सभासद हिंदू आहेत. आपण गणपती कम्युनिटी हॉलमध्ये बसवतो, चर्चच्या हॉलमध्ये मूर्तिपूजा करायची नाही ही अट आपण पहिल्या दिवसापासून मान्य केली आहे. मग तिथे पैसे का?

पुण्याच्या मंडळींना पंचहौद मिशनचा चहा आठवत असेल. १८९० मध्ये तिथल्या एका कार्यक्रमात चहा घेतला म्हणून लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे आणि इतर अनेकांवर केवढं ग्रामण्य झालं! नुसत्या चहाबद्दल प्रायश्चित्ताची भाषा झाली. त्याच पंचहौदचं चर्च आजही गुरुवार पेठेत उभं आहे, आणि मराठीत त्याचं नाव 'पवित्र नाम देवालय' असं आहे. आपण तर परक्या देशात वर्षानुवर्षं एका चर्चच्या किटलीतला चहा पीत आलो. आपल्या मुलांनी बाराखडी त्याच हॉलमध्ये गिरवली. तेव्हा ही देणगी धर्मासाठी आहे की शेजारधर्मासाठी, ते ज्याचं त्याने ठरवावं. आम्हाला ती भाड्याच्या पावतीवर न लिहिलेली बाकी वाटते.

इमारत वाचायला शिकू या

आता थोडा अभ्यास. चर्चची इमारत आपल्यातल्या अनेकांनी बाहेरून पाहिलेली असते. आत काय कुठे आणि का असतं ते माहीत नसतं.

जुन्या पद्धतीचं चर्च लांबट असतं. लोक बसतात तो मोठा भाग, त्याला आपल्या भाषेत सभामंडप म्हणू. पुढच्या टोकाला उंचावर वेदी असते. प्रवचनासाठी वेगळा उंच मंच असतो. बाप्तिस्म्यासाठी पाण्याचं कुंड असतं, ते बहुतेक दाराशी, कारण बाप्तिस्मा म्हणजे मंडळीत प्रवेश. बॅप्टिस्ट पंथात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा देतात, त्यामुळे त्यांच्या मंचाच्या फळ्यांखाली चक्क एक हौद लपलेला असतो.

देवळाशी तुलना इथवर ठीक, पण पुढे एक मोठा फरक आहे. आपल्याकडे गाभाऱ्यात देव असतो, सभामंडपात माणूस असो वा नसो, पूजा चालू राहते. चर्चमध्ये जमलेली माणसं हाच उपासनेचा गाभा. आमच्या ताईंनी हे एका शब्दात सांगितलं. मराठी ख्रिस्ती भाषेत 'चर्च' या शब्दाला 'मंडळी' म्हणतात. इमारत म्हणजे देऊळ, आणि मंडळी म्हणजे माणसं. आपल्या 'मंडळा'ला हा शब्द परका वाटू नये.

मंडळी हाच गाभा म्हटलं, की इमारतीचा प्रत्येक प्रश्न बदलतो. लोकांना एकमेकांचे चेहरे दिसतात का? सगळ्यांना ऐकू येतं का? सगळ्यांना आत येता येतं का? विसाव्या शतकात जगभर चर्चच्या रचनेत जो बदल झाला तो याच प्रश्नांमुळे. कॅथलिक चर्चमध्ये दुसरी व्हॅटिकन परिषद १९६२ ते १९६५ अशी चालली. उपासनेबद्दलचा तिचा दस्तऐवज डिसेंबर १९६३ चा. त्यानंतर लॅटिनच्या जागी लोकभाषा आली. वेदी मागच्या भिंतीपासून सुटी करावी, तिच्याभोवती फिरता यावं आणि धर्मगुरूंना लोकांकडे तोंड करून उभं राहता यावं, अशी सूचना १९६४ मध्ये आली. दगडी वेदी चार-सहा फूट पुढे सरकवणं म्हणजे वरवर पाहता सुताराचं आणि गवंड्याचं काम, पण त्यामुळे अख्ख्या इमारतीचा अर्थ बदलला. धर्मगुरूंची पाठ दिसायची तिथे चेहरा दिसू लागला.

प्रोटेस्टंट बाजूला वेगळं घडलं. ऑस्ट्रेलियात २२ जून १९७७ रोजी मेथॉडिस्ट, काँग्रिगेशनल आणि बहुतेक प्रेस्बिटेरियन मंडळ्या एकत्र येऊन युनायटिंग चर्च स्थापन झालं. एकाच उपनगरात हाकेच्या अंतरावर दोन-दोन, तीन-तीन चर्च एकाच संस्थेची झाली. काही ठेवली, काही विकली. त्यात माणसंही कमी झाली. २०१६ च्या जनगणनेत या देशातल्या ५२.१ टक्के लोकांनी स्वतःला ख्रिस्ती म्हटलं होतं, २०२१ मध्ये ते प्रमाण ४३.९ टक्क्यांवर आलं. कोणताही धर्म नाही म्हणणारे ३८.९ टक्के झाले. दुसरीकडे केरळ, कोरिया, टोंगा, सुदान अशा ठिकाणांहून आलेल्या मंडळ्यांना जागा अपुरी पडते. म्हणजे काही इमारती ओस, काही ओसंडून वाहणाऱ्या. नूतनीकरणाचा प्रश्न या दोन्हींच्या मधे उभा आहे.

बघण्यासारखी पाच उदाहरणं

पहिलं : सेंट अँड्र्यूज, सिडनी. टाउन हॉलच्या शेजारचं हे कॅथेड्रल १८६८ मध्ये समर्पित झालं, ऑस्ट्रेलियातलं सर्वांत जुनं. त्याची वेदी पूर्वेला, म्हणजे जॉर्ज स्ट्रीटच्या बाजूला होती. ट्रामच्या खडखडाटात प्रार्थना ऐकू येईना, म्हणून १९४१ मध्ये आतली सगळी मांडणी उलटी फिरवली. पुढे ट्राम गेल्या. १९९९-२००० च्या जीर्णोद्धारात मांडणी पुन्हा मूळ दिशेला आणली. आणि डिसेंबर २०१९ पासून जॉर्ज स्ट्रीटवर नवी ट्राम धावते आहे! ती जुनीपेक्षा पुष्कळ शांत आहे म्हणून बरं. धडा असा की आजच्या अडचणीसाठी केलेला बदल उद्या परत फिरवता येईल असा असावा.

दुसरं : सेंट पॅट्रिक्स, पॅरामाटा. हॅरिस पार्कला चाट खायला जाणाऱ्यांनी एकदा वाट वाकडी करून हे बघावंच. १९ फेब्रुवारी १९९६ रोजी आग लावून हे कॅथेड्रल जाळलं गेलं. दगडी भिंती आणि मनोरा उरला. जसंच्या तसं परत बांधायचं, की पाडून नवं? वास्तुविशारद रोमाल्डो जुर्गोला यांनी तिसरा मार्ग काढला. कॅनबेराचं १९८८ चं संसदभवन ज्यांनी रचलं तेच हे. त्यांनी जळलेल्या जुन्या भिंती सावरून तिथे छोटी प्रार्थनेची जागा ठेवली, आणि तिला लागून मोठं नवं दालन बांधलं. नव्या दालनात वेदी लोकांच्या मधोमध आहे, दोन्ही बाजूंचे बाक समोरासमोर. डोकं वर केलं की समोरच्या माणसाचा चेहरा दिसतो. २९ नोव्हेंबर २००३ रोजी त्याचं समर्पण झालं. जखम लपवली नाही, पण तिच्यातच राहायचंही नाही, असं ते काम आहे.

तिसरं : सेंट मेरीज, पर्थ. १८६५ चा एक भाग, १९३० चा दुसरा भाग, आणि दोन्हींची सांधेजोड पैशाअभावी अर्धवट. ती अखेर २००९ मध्ये पूर्ण झाली. आर्किटेक्ट पीटर क्विन यांनी मधला भाग जुन्याची नक्कल न करता सरळ आजच्या पद्धतीने बांधला. जुनं ते जुनं दिसतं, नवं ते नवं.

चौथं : हिलसाँगचं बॉल्कम हिल्सचं सभागृह, २००२ मध्ये सुरू झालेलं, साधारण साडेतीन हजार खुर्च्यांचं. मनोरा नाही, रंगीत काचा नाहीत. मोठा मंच, ध्वनियंत्रणा, पडदे, विस्तीर्ण पार्किंग. बाहेरून ऑफिसची इमारत वाटेल. कुणाला हे आवडतं, कुणाला नाही. पण जिने चढावे लागत नाहीत, शेवटच्या रांगेतही ऐकू येतं, हे मान्य करावं लागेल.

पाचवं : आपल्या दादरचं, गोखले रोडवरचं पोर्तुगीज चर्च. दादरकरांनी बसमधून हजारदा पाहिलेलं. मूळ चर्च १५९६ चं. आजची इमारत चार्ल्स कोरिया यांची, १९७० च्या दशकातली. झाकलेल्या आणि मोकळ्या जागा एकमेकींत गुंफलेल्या, वर काँक्रीटची उंच आच्छादनं, म्हणजे गरम हवा वर जावी आणि वारा खेळता राहावा. युरोपातल्या चर्चचा साचा न घेता मुंबईच्या उकाड्याचा विचार करून बांधलेली ही इमारत आहे. आधुनिक म्हणजे फक्त परदेशी, असं समजणाऱ्यांनी दादरला उतरावं.

या यादीत ताईंनी एक भर घातली. नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) खेड्यातल्या चर्चमध्ये लोक सतरंजीवर मांडी घालून बसतात, चपला बाहेर. पेटी, तबला, झांजा. नारायण वामन टिळकांची भजनं आणि ख्रिस्ती कीर्तनं याच बैठकीत रुजली. "बाक म्हणजे चर्च नव्हे," ताई म्हणाल्या. "बाक हा ज्या देशातून धर्म आला त्या देशातला बसायचा रिवाज."

आपल्या चर्चपुढचे प्रश्न, एकेक करून

उतार. पायऱ्या चार, प्रत्येकी १५० मिलिमीटर, म्हणजे एकूण चढ ६०० मिलिमीटर. ऑस्ट्रेलियन मानकानुसार उताराचं प्रमाण जास्तीत जास्त एकास चौदा. ६०० गुणिले १४ म्हणजे ८४०० मिलिमीटर, साधारण साडेआठ मीटर लांबीचा उतार. या प्रमाणात नऊ मीटरपर्यंत एका दमात जाता येतं, त्यापुढे मधे सपाट टप्पा द्यावा लागतो. म्हणजे आपलं काम एका धावेत बसतं. वर आणि खाली सपाट जागा, दोन्ही बाजूंना कठडे, आणि दृष्टी अधू असलेल्यांच्या पायाला जाणवतील अशा ठिपक्यांच्या लाद्या. दरवाजाचं मोकळं अंतर किमान ८५० मिलिमीटर हवं. आपल्या दरवाजाचं एक दार उघडलं तर कमी भरतं, म्हणून दारांची विभागणी बदलावी लागेल.

तुम्ही म्हणाल, एक फळी टाकली की झालं की! आम्हालाही आधी तसंच वाटलं. पण फळी टाकून झालेला चढ इतका उभा असतो की खुर्ची ढकलणाराच मागे कोसळायचा. शिवाय कायदा आहे. १९९२ चा अपंगत्व भेदभाव विरोधी कायदा, आणि १ मे २०११ पासून लागू झालेली इमारत-प्रवेशाची मानकं. जुन्या इमारतीत नवीन बांधकामाची परवानगी मागितली, की त्या भागाला आणि मुख्य दरवाजापासून तिथपर्यंतच्या वाटेला ही मानकं लागू होतात.

स्वच्छतागृह. आत साधारण १.९ बाय २.३ मीटर मोकळी जागा हवी, वॉशबेसिन धरून आणखी थोडी. इथे आमची एक चूक कबूल करतो. पहिल्या अंदाजपत्रकात आम्ही जुनं छत काढायचा खर्च किरकोळ धरला. तपासणीत कळलं की ते फायब्रोचं, म्हणजे ॲस्बेस्टॉस मिसळलेल्या सिमेंटच्या पत्र्याचं आहे. ऑस्ट्रेलियात ॲस्बेस्टॉसवर संपूर्ण बंदी २००३ च्या शेवटी आली, पण १९९० च्या आधीच्या कुठल्याही इमारतीत ते असू शकतं. दहा चौरस मीटरपेक्षा जास्त असेल तर परवानाधारक माणसांकडूनच काढावं लागतं. आपलं जास्त आहे. म्हणून निधीचं उद्दिष्ट वाढलं. आमच्या इंजिनियरांनी सभेत उभं राहून हे सांगितलं, त्याबद्दल त्यांचे आभार. नूतनीकरण करणाऱ्या प्रत्येकाने तपासणी आधी करावी, आकडेमोड नंतर.

आवाज. बोलणं स्वच्छ कळायचं तर आवाजाचा घुमारा साधारण एका सेकंदात विरायला हवा. ऑर्गन आणि समूहगान खुलायला दोन सेकंद किंवा जास्त लागतात. त्यामुळे प्रवचन आणि संगीत यांचं कायमचं भांडण. गालिचा अंथरला तर शब्द कळतात पण गाणं मरतं. उपाय असा की जमीन कडक ठेवायची, मागच्या भिंतीवर आवाज शोषणारे फलक लावायचे, आणि बोलण्यासाठी स्पीकर लोकांच्या जवळ आणायचे. याबरोबर श्रवणयंत्र वापरणाऱ्यांसाठी जमिनीत तारेचं वेटोळं बसवतात. श्रवणयंत्राचं बटण 'टी' वर ठेवलं की माइकचा आवाज थेट कानात येतो. आमच्या नर्सताईंच्या मते सगळ्या यादीत पैशाच्या मानाने सर्वांत जास्त पुण्य या तारेत आहे.

उजेड आणि पडदा. गाण्याचे शब्द आता पडद्यावर दाखवतात. पण पडदा क्रूसाच्या पुढे आला तर लोकांना खटकतं, आणि पूर्वेच्या खिडकीतून सकाळचं ऊन आलं तर पडद्यावर काहीच दिसत नाही. रंगीत काचेला काळा पडदा लावणं हा उपाय नव्हे. पडदा बाजूच्या भिंतीला, गरज नसताना गुंडाळता येणारा, असा चर्चने ठरवला आहे.

ऊब. उंच छताखाली हीटर लावला की गरम हवा वर जाते आणि पाय गारच राहतात. म्हणून बाकांखाली किंवा भिंतीवर थेट अंगावर ऊब देणारे हीटर आणि छतात संथ पंखे, ही जोडी बरी.

मुलांची सुरक्षितता. बालकांच्या लैंगिक शोषणाबद्दलच्या रॉयल कमिशनने २०१७ मध्ये अंतिम अहवाल दिला. त्यात संस्थांच्या इमारतींचाही विचार आहे: कुठलीही खोली अशी नसावी की जिथे मोठा माणूस आणि मूल कुणाच्या नजरेला न पडता बसू शकतील. म्हणून मराठी शाळेच्या दोन्ही वर्गांच्या दारांना काचेची खिडकी बसेल. हे काम छोटं आहे, पण ते सर्वांत आधी व्हावं असा आमच्या शिक्षिकांचा आग्रह होता आणि चर्चने तो लगेच मान्य केला.

बाकांचा वाद

आता खरी गोष्ट. चर्चने सूचना विचारल्या तेव्हा आम्ही मोठ्या उत्साहाने एक नकाशा काढून दिला. सगळे बाक काढायचे, सपाट मोकळी जमीन, रचून ठेवता येणाऱ्या खुर्च्या. उपासनेला गोलाकार बसता येईल, इतर वेळी जागा मोकळी. खरं सांगायचं तर आमच्या डोळ्यांपुढे उपासना कमी आणि लेझीमची तालीम जास्त होती.

चर्चच्या बैठकीत नव्वदीच्या एक बाई उठल्या. तिसऱ्या रांगेतल्या बाकावर पितळेची एक पट्टी आहे, त्यावर त्यांच्या मोठ्या भावाचं नाव आहे. तो दुसऱ्या महायुद्धात गेला. "तो जिथे पुरला आहे तिथे मी कधी जाऊ शकले नाही," त्या म्हणाल्या. "माझ्यापाशी हा बाक आहे." त्या रागावल्या नव्हत्या. बोलून झाल्यावर खाली बसल्या, एवढंच.

परतीच्या वाटेवर गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मग ताई म्हणाल्या, "आपण बाक मोजले. बाकावरची माणसं मोजायची राहिली."

आम्ही आमचा नकाशा मागे घेतला. पाहुण्याने घरातलं फर्निचर कुठे ठेवायचं ते सांगू नये, हे एक. आणि दुसरं म्हणजे, ती जागा पहिल्यांदा प्रार्थनेची आहे, नंतर आपल्या तालमीची. या देशात जुन्या वास्तूंसाठी जी बुरा सनद आहे, १९७९ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या बुरा गावी ठरलेली, तिचं सूत्रही हेच: गरज असेल तेवढा बदल जरूर करा, पण शक्य तितका कमी. आणि बदलण्याआधी त्या वास्तूचं महत्त्व कुणाला आणि का आहे ते समजून घ्या. आम्ही ते नंतर वाचलं. आधी वाचायला हवं होतं.

पुढे चर्चने स्वतःच तोडगा काढला. सगळ्या पट्ट्यांचे फोटो घेऊन नोंदवही केली. साधारण निम्मे बाक राहतील, पण जमिनीतले स्क्रू काढून त्यांना पाय बसवतील, म्हणजे चौघांनी उचलले की हलतील. पट्टी असलेला एकही बाक बाहेर जाणार नाही. मधल्या रांगांत दोन ठिकाणी व्हीलचेअरची जागा राहील, प्रत्येकी ८०० बाय १३०० मिलिमीटर, मागच्या कोपऱ्यात नव्हे तर इतरांच्या बरोबरीने. त्यातली एक तिसऱ्या रांगेत आहे, त्या बाईंच्या बाकाला लागून. ही जागा त्यांनीच सुचवली. आम्हाला हवी होती तेवढी मोकळी जमीन मिळणार नाही. लेझीम बाहेर अंगणात होईल. चालेल.

सगळे खूश आहेत असं मात्र नाही. दोन कुटुंबांना एकही बाक हलायला नको होता, त्यातलं एक आता दुसऱ्या चर्चला जातं. तीस माणसांच्या मंडळीत एक कुटुंब कमी होणं ही छोटी गोष्ट नाही. नूतनीकरणाचा खर्च केवळ डॉलरमध्ये मोजता येत नाही, तो असा.

काम करणाऱ्यांसाठी क्रम

आपल्यातले काहीजण इतर संस्थांवरही असतात, कुणी देवळाच्या समितीवर, कुणी शाळेच्या. त्यांच्या उपयोगासाठी क्रम देतो.

१. आधी बसून बघा. कुलूप उघडण्यापासून दिवे घालवेपर्यंत एक पूर्ण रविवार तिथे काढा. कोण कुठे बसतं, कुठे अडखळतं, चहाला कुठे गर्दी होते, ते लिहा.
२. जागा कुणाच्या मालकीची आहे आणि परवानगी कुणाची लागेल ते पहा. बऱ्याच पंथांत मालमत्ता विश्वस्त संस्थेच्या नावावर असते, स्थानिक मंडळीला एकट्याने ठरवता येत नाही. वारसा यादी आणि कौन्सिलची परवानगी वेगळी.
३. छप्पर, पाणी, वीज, ॲस्बेस्टॉस यांची तपासणी आधी. गळक्या छपराखाली नवा गालिचा घालू नये.
४. प्रवेश, स्वच्छतागृह, ऐकू येणं, ही तीन कामं सजावटीच्या आधी.
५. ज्या वस्तूंवर नावं आहेत त्यांच्या घरच्यांशी, आराखडा काढण्यापूर्वी बोला. आमच्यासारखं नंतर नव्हे.
६. शक्य तो बदल परत फिरवता येईल असा करा. ट्रामची गोष्ट आठवा.

शेवटी

आजोबांना आम्ही उताराचा आराखडा नेऊन दाखवला. ते निवृत्त ओव्हरसियर. चष्मा लावून बराच वेळ पाहिला, एकास चौदाचा हिशेब बोटांवर केला आणि म्हणाले, "पावसाचं पाणी कुठे जाणार ते दाखवलं नाही." बरोबर होतं. खालच्या टोकाला जाळीची गटार वाढवली आहे. येणार का, असं आम्ही विचारलं नाही. त्यांनीच विचारलं, काम कधी संपणार म्हणून.

ते काम संपणं आता आपल्या हातात आहे. मागच्या पानावर देणगीचा फॉर्म आहे. जमा रकमेचा आणि खर्चाचा हिशेब हॉलच्या फलकावर दर महिन्याला लावला जाईल, आणि काम पूर्ण झाल्यावर सर्वसाधारण सभेत पावत्यांसह मांडला जाईल. देणगीदारांच्या नावांची पाटी लावायची नाही, असं आम्ही सुचवलं आणि कार्यकारिणीने ते मान्य केलं. त्या दारातून जो कुणी आत जाईल त्याला तो उतार तिथे आहे हे जाणवूसुद्धा नये, इतका तो सहज असावा.

फूल ना फुलाची पाकळी, ज्याला जे जमेल ते द्यावं. पैसे शक्य नसतील त्यांनी शनिवारी सकाळी हात द्यायला यावं. बाक हलवायला माणसं लागतील, प्रत्येक बाकाला चारजण. माणसांना उचलण्यापेक्षा बाक उचलणं कधीही बरं.

कळावे, लोभ असावा.

आपला अभ्यासगट